म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन आडबाजूच्या किनाऱ्यावर तंबूत मुक्काम (राजापूर तालुका)

सडेकरीण

गेल्या आठवड्यात तंबू खरेदीच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की आम्ही अख्खं कुटुंब, म्हणजे आबा-आई (माझे सासूसासरे), नवरा, मी, चौथीतली लेक आणि पाच वर्षांचा धाकटा, राजापूर तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर तंबू ठोकून राहून आलो, तेव्हापासून व्यनित (व्यक्तिगत निरोपात) रोज कुणीतरी विचारतंय की नक्की कसं केलंत. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे, कशेळी, नाटे असा किनाऱ्याकिनाऱ्याने जो रस्ता आंबोळगडाकडे जातो त्या पट्ट्यातली ही गोष्ट. तिकडचा किनारा म्हणजे अलिबाग-मुरूडसारखी लांबच लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, नाही. काळा खडक समुद्रात घुसलेला, वर जांभ्याचा सपाट सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्यावर नावाला झाड नाही, आणि मध्येच दोन टेकड्यांच्या बेचक्यात एखादी छोटी पुळण, सुरूची रांग, मागे थोडी घरं. फेब्रुवारी होता, सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं आणि दुपारी वर उभं राहिलं की वारा कानात इतका घोंघावतो की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. आईंनी डोक्याला पदर घट्ट बांधून घेतला होता आणि धाकट्याची टोपी आम्ही हनुवटीखाली नाडीने बांधली होती.

मला एकच गोष्ट ठासून सांगायचीय. अशा ठिकाणी तंबूची जागा नजाऱ्यावरून ठरवायची नाही. वारा आणि पाणी बघून ठरवायची, आणि वाऱ्यापाण्याचं गावातल्या माणसाला विचारायचं. बाकी सामान, ब्रँड, किती सीझनचा तंबू वगैरे सगळं त्याच्या नंतर.

आम्ही गावात पोचलो ते आधी पोलीस पाटलांकडे गेलो, नावं आणि गाडीचा नंबर दिला, ज्यांची जागा त्यांची परवानगी फोनवर आधीच घेतली होती. पाटलांनी एका तांडेल काकांना बोलावलं, सत्तरीच्या पुढचे असतील, आयुष्य मचव्यावर, म्हणजे मासेमारीच्या होडीवर, गेलेलं. ते आमच्याबरोबर पुळणीवर आले, थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मग जे सांगायला लागले ते मी जसंच्या तसं डोक्यात ठेवलंय. दुपारी साधारण बारा-एकला खारा वारा सुटतो, वायव्येकडून, आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दिवस बुडाला की पडतो. मग तासदोन तास पानही हलत नाही, डास काय ते तेव्हाच. आणि मध्यरात्र उलटली की जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो, पहाटे त्याला चांगलाच जोर आणि गारठा असतो. म्हणजे संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून बांधलेला तंबू पहाटे बरोब्बर उलट्या बाजूने मार खातो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचं हेच सगळ्या किनाऱ्याचं वेळापत्रक होतं म्हणे. आबा हे ऐकत बसले ते उठेचनात.

तर काकांनी जागा दिली ती सुरूची रांग आणि एका बागेचा जांभ्याचा गडगा (चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत) यांच्या मधली. समुद्राच्या बाजूने सुरू, डोंगराच्या बाजूने गडगा, दोन्हीकडून आडोसा. समुद्र तिथून झाडांच्या फटीतून दिसतो तेवढाच. पण रात्रभर मुलं झोपली! सुरूच्या अगदी फांद्यांखाली बांधू नका, वाळलेली फांदी वाऱ्याने खाली येते. दार दक्षिणेला ठेवलं, म्हणजे खाराही तोंडावर नाही आणि मतलईही नाही.

दुसरं पाणी. पुळणीवर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळट फुलांची, जाड पानांची. ती जिथे हिरवीगार आहे तिथवर उधाणाचं पाणी सहसा येत नाही. तिच्याही मागे राहायचं. ओल्या वाळूची रेष बघून "इथवरच येतं पाणी" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती रेष आजच्या भरतीची असते, परवाच्या उधाणाची नाही.

तिसरं, खुंट्या. तंबूबरोबर येणाऱ्या त्या तारेच्या खुंट्या वाळूत काहीही कामाच्या नाहीत, आणि सड्यावर तर जांभ्यात शिरतच नाहीत. आम्ही तांदळाच्या रिकाम्या गोण्या नेल्या होत्या. गोणीत अर्ध्याच्या थोडी वर वाळू भरायची, तोंड बांधायचं, गोणीच्या मधोमध दोरी दोन वेढे देऊन घट्ट करायची, मग हातभर खोल खड्डा काढून गोणी आडवी पुरायची, आडवी म्हणजे दोरीच्या ओढीला काटकोनात, वरून ओली वाळू टाकून पायाने दाबायची. दोरी जमिनीशी जितकी कमी कोनात तितकी पकड जास्त. लेकीने आणि आबांनी मिळून सगळ्या गोण्या भरल्या, धाकटा वर नाचून वाळू दाबत होता. पहाटे मतलई आला तेव्हा तंबूचं कापड फडफडत होतं पण एक गोणी जागची हलली नाही.

चौथं आणि फार महत्त्वाचं, शेकोटी नाही. मला माहितीय की समुद्रावर तंबू म्हटलं की सगळ्यांना शेकोटी आणि गिटार आठवतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात गवत कोरडं ठाक, आंब्याला मोहोर आणि कैरी, काजूला बोंडं, आणि दर वर्षी वणव्यात कुणाच्या ना कुणाच्या उभ्या बागा जातात. कलम लावून ते धरतं करायला माणसाची कितीतरी वर्षं जातात. सड्यावरच्या त्या वाऱ्यात एक ठिणगी पुरे आहे. आम्ही छोटी गॅसची शेगडी नेली होती, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, तंबूच्या बाहेर, मोकळ्या वाळूवर. तंबूच्या आत शेगडी कधीही पेटवायची नाही, वारा असला, पाऊस असला तरी नाही, आतला धूर-वायू झोपेत जीव घेतो. आणि खरं सांगू का, स्वयंपाक आम्ही सकाळच्या चहापुरताच केला. जेवण काकांच्या घरी सांगितलं होतं, कुळथाची पिठी, भात, भाकरी, बांगड्याचं तिखलं, आई-आबांना सोलकढी आणि काजूची उसळ. पैसे विचारून, आधी ठरवून दिले. गावात तंबू ठोकून शहरातून आणलेले नूडल्स खाऊन यायचं हे मला पटत नाही. ज्यांच्या विहिरीचं पाणी आपण पितो त्यांच्या घरात चार पैसे जायला नकोत का?

बाकी प्रश्न विचारा, उत्तरं देईन.

अळूवडी

सडेकरीण ताई, किती छान आणि नीट लिहिलंय. गडगा आणि सुरूच्या मधली जागा हे वाचूनच बरं वाटलं, माझं माहेर गुहागरकडचं आहे, आमच्याकडे पण आजोबा मतलई-खारा हेच बघून कौलं शेकारायचा दिवस ठरवायचे. एक विचारायचं होतं, टॉयलेटचं काय केलंत? सासूबाईंना घेऊन गेलात म्हणून विचारते, हा प्रश्न बायकांना पडतो आणि कुणी लिहीत नाही.

सडेकरीण

अळूवडी, बरं झालं विचारलंस. काकांच्या घरचं संडास-न्हाणीघर वापरलं, तेही आधी विचारून. म्हणूनच मी सांगते की गावापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर राहा, पार निर्मनुष्य जागी नको. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची नेली होती आणि तंबूत फोल्डिंग खाट. रात्री अपरात्री जायला लागलं तर टॉर्च घेऊन मी किंवा नवरा सोबत.

घाटावरचा

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पाच वर्षांचं मूल घेऊन अशा किनाऱ्यावर रात्र काढणं मला धोक्याचं वाटतं. दर सुट्टीत पेपरात बातमी असते, गणपतीपुळे म्हणा, आरे-वारे म्हणा, पर्यटक बुडाले. आणि तिथे निदान माणसं तरी असतात. तुम्ही जिथे गेलात तिथे जीवरक्षक नाही, मोबाईलला रेंज असेल-नसेल, दवाखाना लांब. होमस्टे आहेत की आता सगळीकडे. तिथे राहून दिवसा समुद्रावर जायचं, संध्याकाळी घरात. तंबूचा हट्ट कशाला?

सडेकरीण

घाटावरचा दादा, राग कसला, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. पण बुडण्याच्या बातम्या नीट वाचल्यात तर ते लोक रात्री तंबूत झोपले म्हणून बुडालेले नसतात, पोहायला उतरले म्हणून बुडालेले असतात, आणि बहुतेक वेळा होमस्टे-हॉटेलात उतरलेलेच असतात. आमच्याकडे नियम होता, मोठं माणूस हात धरून असल्याशिवाय घोट्याच्या वर पाणी नाही, आणि ओहोटी लागल्यावर अजिबात नाही. खाडीच्या मुखाशी तर भरती असो ओहोटी असो, पाण्यात उतरायचंच नाही. छोट्या पुळणींना दोन्ही बाजूंनी खडक असतात, लाटांनी आत आलेलं पाणी त्या खडकांच्या कडेने जोरात बाहेर जातं, तिथे लाटा फुटताना दिसत नाहीत म्हणून पाणी शांत वाटतं आणि लोक नेमके तिथेच उतरतात. हे लेकीला खडकावर बसवून दाखवलं, वाळलेली काटकी टाकली, ती कशी आत ओढली गेली ते तिने स्वतः बघितलं. त्या एका काटकीने तिला जेवढं कळलं तेवढं आमच्या ओरडण्याने कळलं नसतं.

आणि तंबू का, तर आबांसाठी. ते आयुष्यभर ठाण्यात लेथवर काम करत होते, त्यांना एक रात्र आकाशाखाली काढायची होती, त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. रात्री आठला त्यांनी नातवंडांना मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका दाखवल्या आणि दक्षिणेला समुद्रावर खाली अगस्ती. ठाण्यातून अगस्ती दिसतो हो, पण इमारतींच्या मध्ये इतका खालचा तारा शोधायचा कुठे.

तांडेल_सात

वाचून बरं वाटलं. मी मिरकरवाड्याचा, आता बोटीवर जात नाही, पण घर त्यातलंच. भरतीचं गणित कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथीला पाऊणने गुणायचं, येतो आकडा ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढे-मागे भरती, आणि मध्ये दुपारी बाराला ओहोटी. अमावस्या-पुनवेला सव्वाअकरा-बारा. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. रोज भरती सुमारे पाऊण तास उशिरा सरकते म्हणून हे जमतं. आमच्याकडे रत्नागिरी-राजापूरला मुंबईपेक्षा थोडी लवकर येते, तेवढं धरून चाला. आणि तंतोतंत वेळ पाहिजे तर छापील तक्ता बघा, मोबाईलवर पण मिळतो.

दुसरं, अमावस्या-पुनवेच्या आसपास दोन-तीन दिवस उधाण. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ओढ पण जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. लहान मुलं असतील तर भांगाचे दिवस धरा. लोक पुनवेचं चांदणं बघायला म्हणून नेमके उधाणाला येतात आणि गाडी पुळणीवर लावतात, मग ट्रॅक्टर शोधत फिरतात.

सुरूबन

तांडेल दादा, हे सोनं आहे, कॉपी करून ठेवलं.

ताई, सड्यावर काय काय बघितलंत ते पण लिहा की. आम्ही कशेळीला कनकादित्याच्या देवळात गेलोय पण सड्यावर वर गेलो नाही.

सडेकरीण

सुरूबन, सड्यावर जायचंच! कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात दुसरी कितीतरी चित्रं, मासे, प्राणी, पक्षी. देवाचे गोठणे इथे कातळावर माणसाची आकृती आहे, तिथे होकायंत्राची सुई भरकटते. नवऱ्याने मुद्दाम होकायंत्र नेलं होतं, लेकीच्या हातात दिलं, ती आकृतीभोवती फिरली आणि सुई जागच्या जागी भलतीकडे वळली, तिने वहीत चित्र काढून प्रत्येक ठिकाणची दिशा लिहून ठेवलीय, शाळेत दाखवणार आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, रुंढे तळी ही सगळी याच तालुक्यात-शेजारात आहेत. चपला काढून, रेषांवर पाय न देता फिरा, पाणी ओतून फोटो काढू नका. आणि सकाळी नऊच्या आत जा, तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी कातळ इतका तापतो आणि उजेड इतका सपाट पडतो की समोर असूनही चित्र कळत नाही. सड्यावर पाण्याचा थेंब मिळत नाही, माणशी दोन लिटर तरी घ्या.

गावचा_डॉक्टर

मी राजापूर भागात काही वर्षं नोकरी केली आहे म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. गडग्याचा आडोसा वाऱ्यासाठी उत्तम, पण जांभ्याचे गडगे आणि सुटे चिरे ही फुरशाची आवडती जागा. फुरसं हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, चिऱ्याच्या फटीत बसलेलं दिसतही नाही. डिवचलं की अंगाचे वेढे एकमेकांवर घासून खर्रर्र आवाज करतं. रत्नागिरी जिल्ह्यात याचं प्रमाण खूप आहे. त्यामुळे तंबू गडग्यापासून सात-आठ फूट तरी लांब, दोऱ्या बांधायला चिरे उचलायचे तर आधी काठीने उलटवून मग हात, रात्री अनवाणी चालायचं नाही, बूट सकाळी झटकून घालायचे.

चावलंच तर, करकचून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, तोंडाने रक्त ओढू नका. चावलेला हात-पाय फळकुटाला बांधतो तसा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून आणायची काही गरज नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, हे तासातासाने वाढत जातं, सुरुवातीला माणूस ठीक वाटतो म्हणून लोक सकाळची वाट बघतात. वाट बघू नका. जाण्याआधीच सर्वात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करून ठेवा की ही प्रतिविषाची लस कुठे शिल्लक आहे.

सडेकरीण

डॉक्टर, मनापासून आभार. काकांनीही हेच सांगितलं होतं, गडग्याला मुलांनी हात लावायचा नाही आणि दुपारी चेंडू तिकडे गेला तर मोठ्यांनी काठीने काढायचा. लसीची चौकशी नवऱ्याने आदल्या दिवशी फोनवर केली होती, घाटावरचा दादांच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर आहे.

कासववेडा

थोडं वेगळं आणि थोडं कडक लिहितोय. तुम्ही म्हणता मर्यादवेलीच्या मागे राहा. बरोबर आहे पाण्याच्या दृष्टीने. पण ऑलिव्ह रिडले कासवाची मादी सुद्धा नेमकी हाच हिशोब करते! भरतीच्या रेषेच्या वर, मऊ वाळूत, नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री येऊन अंडी घालते. राजापूर तालुक्यात वेत्ये, माडबन इथे कासवं येतात. वाळूत हातभर खड्डे काढून गोण्या पुरायच्या म्हणजे घरट्यावर घाव बसू शकतो. आणि मादी किनाऱ्यावर येताना पांढरा उजेड दिसला तर अंडी न घालता परत फिरते, पिल्लं तर उजेडाकडेच धावतात, समुद्र सोडून तंबूकडे येतील. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून जे काम उभं केलं आणि त्यातून किनाऱ्यावर गावोगाव कासवमित्र तयार झाले, ते रोज पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधून संरक्षित जागेत हलवतात. त्यांना विचारल्याशिवाय वाळूत कुदळ लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सडेकरीण

कासववेडा, कडक नाही, गरजेचं लिहिलंत. आमची जागा पुळणीच्या मागे, सुरूच्याही आतल्या बाजूला, सुरूची सुकी पानं पडलेल्या जमिनीवर होती, उघड्या वाळूवर नव्हती, पण हे मूळ लेखात यायला हवं, संपादन करून टाकते. उजेडाचं म्हणाल तर हेडटॉर्चला लाल कागद लावला होता, ताऱ्यांसाठी, तो कासवांनाही पांढऱ्यापेक्षा बरा ना?

कासववेडा

पांढऱ्यापेक्षा नक्कीच बरा. पण पुळणीवर शक्यतो तोही नको, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं दिलीत की ताऱ्यांच्या उजेडात चालता येतं. आणि चारचाकी पुळणीवर घालणाऱ्यांना मात्र मी काही समजावत बसत नाही, सरळ पोलीस पाटलांना फोन.

एडिनबराकर

इकडे स्कॉटलंडमध्ये आम्ही दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन हेब्रिडीज बेटांवर जातो, त्यामुळे हा धागा अगदी जिव्हाळ्याने वाचतोय. इथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे, परवानगी लागत नाही, तरी आम्ही जवळच्या शेतकऱ्याला सांगूनच थांबतो कारण वाळूमागच्या गवताळ पट्ट्यात त्यांची गुरं-मेंढरं चरतात आणि पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात. अटलांटिकचा वारा म्हणजे दिवसरात्र एकाच बाजूने, पश्चिम-नैर्ऋत्येकडून, आणि कधी कधी इतका की तंबू उभा करताना दोन माणसं त्यावर आडवी पडून राहतात. पण तिथे वाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, वारा पडला की मिजेस नावाचे चिलटापेक्षा बारीक किडे ढगाने येतात आणि सोलून काढतात.

एक सूचना, वारा असेल तिथे उंच तंबू टाळा. ज्यात उभं राहता येतं असे मोठे फॅमिली तंबू बागेत ठीक, किनाऱ्यावर त्यांचे खांब वाकतात. दोन बुटके तंबू बरे. तुमच्याकडे सहा जण होते ना, किती तंबू नेले?

सडेकरीण

दोन, बुटकेच, दोन्हीची दारं समोरासमोर नाही तर शेजारी शेजारी. आई-आबा आणि लेक एकात, आम्ही आणि धाकटा दुसऱ्यात. दुहेरी कापडाचे घ्या, फेब्रुवारीत पहाटे दव एवढं पडतं की बाहेरचं कापड पिळून काढावं लागतं. मतलई कोरडा असतो, उन्हं वर येईपर्यंत त्यानेच तंबू वाळतो.

भटक्या_बंड्या

मस्त धागा. गावाचं नाव आणि गूगलचं लोकेशन टाका ना प्लीज, मार्चमध्ये आमचा ऑफिसचा पंचवीस जणांचा ग्रुप येतोय.

सडेकरीण

नाही टाकणार. पंचवीस माणसांना पुरेल एवढं पाणी फेब्रुवारीनंतर त्या विहिरीत नसतं, आणि त्या गावात तुम्हाला एका वेळी जेवू घालू शकेल असं घर नाही. मोठ्या ग्रुपसाठी गावखडी-पूर्णगडकडे किंवा गणपतीपुळ्याला व्यवस्था आहेत, तिथे मजा करा.

सुरूबन

मला हे तितकंसं पटत नाही ताई. लपवून ठेवलं तर गावाला उत्पन्न कसं मिळणार? तरुण पोरं सगळी मुंबईला. पर्यटक आले तर चार घरं चालतील.

तांडेल_सात

सुरूबन, पर्यटक यायला पाहिजेत यात वाद नाही. पण गावाने बोलावलेले आणि लोकेशन बघून आलेले यात फरक आहे. बोलावलेला माणूस घरी जेवतो, होडीतून फिरतो, पैसे देतो. लोकेशन बघून आलेला रात्री अकराला येतो, स्पीकर लावतो, बाटल्या फोडून जातो, आणि सकाळी आमची पोरं अनवाणी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जातात त्याच वाळूत. पैसा गावात शून्य. गावाने ठरवावं किती माणसं घ्यायची, मग गावच जाहिरात करेल.

सुरूबन

हे मान्य. रापणीचं डोक्यात आलं नव्हतं.

सडेकरीण

आम्ही निघायच्या सकाळी तासभर पुळण साफ केली, आपला कचरा नव्हता त्यात, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, औषधाच्या बाटल्या, एका चपलेवर तर शिंपल्यांची वसाहत होती. पाच गोण्या भरल्या, ज्या गोण्या आम्ही वाळूने भरल्या होत्या त्याच. पण गावात कचऱ्याची गाडी येत नाही, म्हणून त्या गाडीच्या टपावर बांधून रत्नागिरीपर्यंत आणल्या. हे करायची तयारी असेल तरच साफसफाई करा, नाहीतर गावाच्या कोपऱ्यात ढीग लावून फोटो काढून जाणारे खूप आहेत.

अळूवडी

ताई, आम्ही या वर्षी नाही पण पुढच्या वर्षी नक्की ठरवतोय, मुलगा सात वर्षांचा होईल तेव्हा. महिना कुठला धरू? दिवाळीच्या सुट्टीत चालेल का, तेव्हाच सगळ्यांना रजा मिळते.

तांडेल_सात

दिवाळीत हवामान बघून. नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या परतल्या नाहीत, त्या दिवसाची आठवण आमच्या वाड्यात अजून कुणी काढत नाही. मे महिना पण नको, २०२१ चं तौक्ते मे मध्येच आलं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज येतो, "समुद्रात जाऊ नये" असं लिहिलं असेल त्या दिवशी तंबू पण नाही. आणि बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढलेला दिसला की गाडी माघारी वळवायची.

सडेकरीण

अळूवडी, तांडेल दादा म्हणतात तसंच. मी डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी सांगेन, नाताळची गर्दी सोडून. आणि तिथी धर वद्य अष्टमी किंवा तिच्या एक-दोन दिवस पुढची, म्हणजे भांगाचं पाणी असतं, आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला किंवा त्यानंतर उगवतो त्यामुळे मुलं जागी असेपर्यंत आकाश पूर्ण काळं मिळतं. अष्टमीला तिकडे ओहोटी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला येते, मुलांना खडकांमधल्या डबक्यात खेकडे, शंखातले जीव, समुद्रफुलं बघायला तीच वेळ, पायात सँडल हवेत, खडकावरच्या कालवांनी तळवे चिरतात.

तुझी तारीख नक्की झाली की व्यनि कर, पाटलांना विचारून त्यांचा नंबर देते. सासूबाई येणार असतील तर तेही कळव, खाट आणि खुर्ची आमच्याकडे आहे, दादरहून घेऊन जा.